रकान्यातली आडवी रेघ

बारावीच्या निकालाचे पेढे मी स्वतः वाटले होते, हे मला आजही सहन होत नाही.

सहाशेपैकी चारशे सहा. फर्स्ट क्लास! अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मार्कशीट दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि चप्पल घालून सरळ पेढे आणायला गेले. येरवड्याच्या आमच्या गल्लीत मी ताट घेऊन दारोदार फिरले. कुणी "किती पडले गं?" विचारलं की "सदुसष्ट पॉइंट सदुसष्ट" असं पॉइंटसकट ऐकवून पुढच्या दाराला जायचे. शेवटच्या घरातली म्हातारी म्हणाली, "म्हणजे आता इंजिनियर ना?" मी म्हटलं, "हो, झालंच समजा." आता आठवलं तरी कानशिलं तापतात.

त्या चारशे सहांतले एकशे शहाऐंशी एकट्या इलेक्ट्रॉनिक्सचे होते. बायफोकल म्हणायचे त्याला. दोनशे मार्कांचा विषय, आणि प्रॅक्टिकलला सर हात सैल सोडणारे. त्यामुळे टोटल अशी फुगायची की बघत राहावं. ती टोटल इंजिनियरिंगवाले बघतच नाहीत, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? अण्णा आयटीआय झालेले, आई नववीतून लग्न होऊन आलेली, आणि गल्लीत कंप्युटर क्लासच्या पाट्या होत्या पण इंजिनियर एकही नव्हता.

अण्णा नगर रोडवरच्या एका कंपनीत इन्स्पेक्टर होते. पोलिसातले नव्हेत, मालातले. मशीनवरून आलेला प्रत्येक जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, मोजायचा आणि मापात नसेल तर लाल रंग लावून बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. केसभर कमी असला तरी ते पास करायचे नाहीत. सुपरवायझर हाता-पाया पडायचे, "जाऊ द्या हो, कस्टमरला कळणार आहे का?" अण्णा म्हणायचे, "मला कळलंय ना!" याच कंपनीत त्या वर्षी ड्रॉइंगचे मोठे बोर्ड काढून त्या जागी कंप्युटर आले आणि अण्णांच्या ओळखीचे दोन ड्राफ्ट्समन घरी बसले. तेव्हापासून अण्णांनी घोकायला घेतलं होतं की पुढचं सगळं यातच आहे आणि मी यातच जायचं. मलाही तेच हवं होतं. नाही जमलं तर बी.एस्सी. होती, आणि बी.एस्सी. म्हणजे माझ्या आत्याच्या भाषेत 'लग्न ठरेपर्यंत काहीतरी'. आत्याने एक मुलगा बघूनही ठेवला होता. आईला तर सोळाव्या वर्षी पुस्तकं गुंडाळून बोहल्यावर चढवलं होतं, त्यामुळे आत्याचं नाव काढलं की ती भांडी जरा जोरात आपटायची.

इंजिनियरिंग प्रवेशाचा फॉर्म घ्यायला अण्णा रजा टाकून माझ्याबरोबर आले. कॉलेजच्या खिडकीपाशी अर्धा रस्ता व्यापेल एवढी रांग. दोन तासांनी आमचा नंबर आला. खिडकीतल्या बाई चष्म्याच्या वरून बघणाऱ्यांपैकी होत्या.

"चारशे सहा," मी न विचारता सांगितलं.

"टोटल काय करायचीय? फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स सांगा."

"चौपन्न, त्रेचाळीस, बावन्न."

त्यांनी बेरीज केली नाही. माझ्याकडून करवून घेतली. "एकशे एकोणपन्नास," मी म्हटलं.

"आणि तीनशेचे निम्मे?"

मी मार्कशीटची घडी घातली.

"पन्नास टक्के लागतात या तीन विषयांत मिळून. फॉर्म विकत घ्यायला आमची ना नाही. भरून आणू नका, एवढंच."

"पण मॅडम, राउंड ऑफ केलं तर पन्नासच होतात ना?"

"राउंड ऑफ वाण्याकडे करतात, बाळ." मग त्यांनी अण्णांकडे बघितलं. "ओपनच ना?"

"ओपन," अण्णा म्हणाले. लगेच म्हणाले, जणू प्रश्नाची वाटच बघत होते.

"मग नाही. पुढचे!"

तरी अण्णांनी फॉर्म आणि त्याबरोबरची माहितीपुस्तिका विकत घेतली. गाडीवर मी मागे बसून रस्ताभर रडले. घरी पोचल्यावर त्यांनी हात-पाय धुतले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि आईला म्हणाले, "अंडरसाईज आहे. रिजेक्ट."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय लोखंडाचा तुकडा होते? पण खरं सांगायचं तर त्यांच्या आवाजात राग नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचे जॉब ज्या मापानं मोजले, त्याच मापानं त्यांनी पोटची पोर मोजली आणि ते बसलं नाही. त्यात सूट मागायची असते, हे त्यांना येतच नव्हतं. मी केमिस्ट्रीच्या गुणपडताळणीचा अर्ज टाकला. त्याचं उत्तर फॉर्मची मुदत संपल्यावर येणार होतं. म्हणजे टाकला काय आणि न टाकला काय.

ती माहितीपुस्तिका मी कोनाड्यात फेकून दिली होती. आईनं ती उचलली. आई बालवाडीत सेविका होती, दुपारी घरी यायची. दोन दुपारी पाय पसरून, ओळीखाली बोट धरून तिनं ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. कॉलेजांचे पत्ते वाचले, वसतिगृहाचे नियम वाचले, मुद्रणालयाचं नाव वाचलं. माझी चेष्टा चालूच होती. "आई, तू भरतेयस का फॉर्म?" ती म्हणाली, "गप गं." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा कामावरून आले, चहा झाला, आणि तिनं एका पानाचा मुडपलेला कोपरा उलगडून पुस्तिका त्यांच्यासमोर ठेवली.

"अहो, हे वाचा. राखीव प्रवर्गासाठी पंचेचाळीस टक्के. म्हणजे तीनशेत एकशे पस्तीस. हिला एकशे एकोणपन्नास आहेत. चौदा वर आहेत."

अण्णांनी पान वाचलं नाही. "मी वाचलंय," ते म्हणाले.

मी ताडकन उठून बसले. वाचलंय? म्हणजे यांना माहीत होतं? खिडकीवर माहीत होतं?

इथे आमच्या घराचं सांगायला हवं. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा अण्णा गावच्या शाळेत दुसरीत होते. आजोबा दीक्षा घेऊन गावी आले ते घरातले देव नदीत सोडून थेट शाळेत गेले. म्हणाले, रजिस्टरमध्ये माझ्या पोराच्या नावापुढे जी जात लिहिलीय ती खोडा. हेडमास्तर म्हणाले, असं खोडता येत नाही. आजोबा तीन दिवस शाळेच्या पायरीवर बसून राहिले. चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी खोडलं. पुढे अण्णा हायस्कुलात गेले तेव्हा त्यांच्या कागदावर धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आली. तीच रेघ माझ्या शाळेच्या दाखल्यावर उतरली. चौथीत बाईंनी वर्गात विचारलं होतं, "तुझी जात काय गं?" मी उभी राहून सांगितलं, "आडवी रेघ, बाई." वर्ग हसला, बाई हसल्या. घरी सांगितल्यावर अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाले, "बरोबर सांगितलंस."

ते जुनं नाव मला माहीत नव्हतं, असं नाही. शाळेत नळावर दोनदा कानावर आलं होतं, आणि ज्या सुरात आलं होतं तो सूर मी विसरले नाही. पण आमच्या घरात ते उच्चारायचं नाही, असा नियम होता. शिवी एक वेळ चालेल, ते नाव नाही. तो नियम मी इथेही मोडत नाही.

आमची एकच खोली. आई-वडिलांचं भांडण ऐकू नये म्हणून जायला जागा नव्हती, त्यामुळे मी भिंतीकडे तोंड करून बसले.

"जातीचा दाखला काढा," आई म्हणाली. "बौद्धांनाही मिळतो. सगळे काढतात."

"सगळे काढतात म्हणून मी काढू? कंपनीत मला काय म्हणतात माहितीये ना तुला? सरकारचे जावई. खाजगी कंपनी! तिथं कसली राखीव जागा आणि कसलं काय! मी परीक्षा देऊन लागलो, सगळ्यांत वरून लागलो. तरी वीस वर्षं ऐकतोय. पोरीनं पण तेच ऐकायचं?"

"ते तसंही ऐकवणारच आहेत. मग शिकून ऐकू दे."

"माझ्या बापानं टाकलेलं आहे ते."

"मामंजींनी जात टाकली," आई म्हणाली. "हक्क नव्हता टाकला. कुणाची भीक नाही ही. आणि तुमच्या इमानापायी माझी पोरगी आत्याबाईंनी बघितलेल्याच्या घरी भाकऱ्या थापायला जाणार असेल, तर मला ते इमान नको."

आई कधी इतकं बोलत नसे. अण्णांनी बराच वेळ पुस्तिकेच्या त्या मुडपलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "रविवार धरून पाच दिवस उरलेत. उद्या गावी जाऊन येतो."

दाखला काढायचा तर पूर्वीच्या जातीचा पुरावा लागायचा. आमच्या सगळ्या कागदांवर रेघ. पुरावा उरला होता तो एकाच ठिकाणी, गावच्या शाळेच्या त्या जुन्या रजिस्टरात. तिथून उतारा आणायचा, तहसील कचेरीत तो जोडून अण्णांनी प्रतिज्ञापत्र करायचं, आणि अर्जाची पावती घ्यायची. फॉर्मला पावती चालत होती. खुद्द दाखला प्रवेशाच्या दिवशी दाखवला तरी पुरे. हे सगळं आईनं पुस्तिकेतून शोधून एका कागदावर लिहून दिलं होतं.

अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी उशिरा परत आले. मी दारातच उभी होते.

"मिळाला?"

"वाळवी," ते म्हणाले. "त्या वर्षाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लंय." आणि बूटही न काढता परत बाहेर जाऊन गाडी पुसायला लागले.

मी आत येऊन गादीवर पडले. संपलं. मला आत्याचा चेहरा दिसायला लागला. आई मात्र चुलीपाशी नुसती उभी होती. गाडी पुसण्याचा आवाज ऐकत होती. थोड्या वेळानं माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "कुठलं कपाट, किती पानं, वरची की खालची, काही बोलले का?"

"नाही."

"कंपनीत एक नट वाकडा निघाला तर अर्धा तास सांगतो हा माणूस. आणि अख्खं रजिस्टर गेलं, ते एका शब्दात?" तिनं पदर खोचला. "उद्या सकाळी आपण दोघी जायचं. त्यांना सांगू नकोस."

सकाळी अण्णा कामावर गेल्यावर आम्ही एस.टी. पकडली. वाघोली सुटली, मग नुसता ऊस आणि मोकळी रानं. मी त्या गावी लहानपणी एकदाच गेले होते. फाट्यावर उतरल्यावर एका बाईनं विचारलं, "कुणाकडं?" आईनं शाळा विचारली. "शाळा हाय की, त्या चिंचंपल्याड," ती म्हणाली आणि आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून घेतलं.

हेडमास्तर तरुण होते, पुण्यातच शिकलेले. आईनं नाव आणि साधारण साल सांगितलं. त्यांनी कपाट उघडण्याऐवजी टेबलावरचंच एक जाड, बांधणी सुटलेलं रजिस्टर पुढे ओढलं. त्यात खुणेचा कागद होता.

"हेच पान ना? काल एक गृहस्थ येऊन गेले याच्यासाठी."

मी म्हटलं, "वाळवी लागलीय ना?"

"वाळवी? छे हो! हे बघा की." त्यांनी रजिस्टर आमच्याकडे फिरवलं. "काल मी त्यांना उघडून दिलं. म्हटलं, उतारा लिहून देऊ का? दोन मिनिटांचं काम. तर म्हणाले, बघतो आधी. तासभर बघत बसले. माझा एक तास घेऊन झाला तरी तसेच. मग पाणी मागितलं, प्यायले आणि नको म्हणाले. कोण ते?"

"माझे मिस्टर," आई म्हणाली.

पान पिवळं पडलं होतं, बाकी ठणठणीत होतं. अण्णांचं नाव, जन्मगाव, आणि जातीच्या रकान्यात ते जुनं नाव, झोकदार अक्षरात. त्यावरून लाल शाईची एक रेघ, अशी दाबून मारलेली की कागद खरवडला गेला होता. वर बारीक 'बौद्ध'. आणि समासात आजोबांची सही. आजोबांना लिहिता येत नव्हतं. सही तेवढी शिकून घेतली होती. पाच अक्षरं, पाचही वेगवेगळ्या उंचीची. माझ्या आजोबांच्या हाताचं मी बघितलेलं ते एकमेव अक्षर. ते मी जन्मायच्या आधीच गेले होते.

खोटं कशाला सांगू, तेव्हा मला गहिवरून वगैरे आलं नाही. मला संताप आला. या माणसानं हे बघितलं, तासभर बघितलं, आणि माझ्यासाठी दोन ओळींचा कागद मागू शकला नाही? उलट घरी येऊन वाळवीची थाप मारली? केसभर खोटं न चालवणारा हा माणूस!

"जसं आहे तसंच लिहावं लागेल हं," हेडमास्तर म्हणाले. "मूळ नोंद, मग खोडून काय लिहिलं ते."

"लिहा," आई म्हणाली.

अण्णा संध्याकाळी आले तेव्हा उतारा त्यांच्या चहाच्या कपाशेजारी होता. त्यांनी तो बघितला, आणि त्यांना कळलं. मला थांबायला हवं होतं. पण माझी जीभ कुठली थांबतेय!

"वाळवीनं परत आणून दिला, अण्णा."

आई म्हणाली, "ए!" पण मला आता चेव चढला होता.

"तुम्ही खोटं बोललात."

"हो," अण्णा म्हणाले. "बोललो."

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. ते उताऱ्याकडे बघत राहिले. "त्यांनी तीन दिवस उन्हात बसून ते खोडून घेतलं. मी बाजूला बसायचो त्यांच्या. भाकरी आणून द्यायचो. आणि आता मीच जाऊन सांगू, की गुरुजी, ते खोडलेलं आहे ना, ते मला परत लिहून द्या? कुठल्या तोंडानं सांगू गं?"

"मग माझंच आयुष्य खोडा," मी म्हणाले. "तेही लाल शाईनं. सवय आहेच तुम्हाला."

हे मी म्हणाले. त्या खोलीत, त्या माणसाला, मी हे म्हणाले. आईनं माझ्या थोबाडीत मारली. अण्णा उठले, चहा न पिता बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मी माफी मागितली नाही. तेव्हा नाही, आणि नंतर मागायला गेले तेव्हा ते म्हणाले होते, "कशाबद्दल? मला आठवत नाही." तेही खोटंच होतं.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी मी उठले तर अण्णा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. "चल," म्हणाले. आईनं कागदांची पिशवी दिली.

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात रांग होती. सगळे आईबाप आणि सगळ्यांच्या हातात मार्कशीट. अण्णा उतारा चारदा घडी घालून खिशात ठेवत होते आणि चारदा काढत होते. अकरा वाजता आमचा नंबर लागला. टेबलामागे एक वयस्क कारकून. प्रतिज्ञापत्राचा छापील नमुना त्यांच्यापुढे, ते एकेक रकाना विचारून भरत होते. मान वर करत नव्हते.

"नाव?"

अण्णांनी सांगितलं.

"मूळ गाव? तालुका? धर्म?"

"बौद्ध."

"ते झालं. धर्मांतरापूर्वीची जात?"

अण्णांनी खिशातून उतारा काढून टेबलावर ठेवला.

"ते नंतर जोडतो. तोंडी सांगा."

अण्णांनी ओठ उघडले. मी शेजारीच उभी होते, मला दिसत होतं. आवाजच येत नव्हता.

"अहो, बोला की. मागं लाईन आहे."

अण्णा त्या टेबलाची कड धरून उभे होते. मला वाटलं आता हे वळतील आणि निघून जातील, आणि गेले असते तर मी त्यांना दोष दिला नसता, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. ज्या सुपरवायझरसमोर ते कधी नमले नाहीत, त्याच्याहून मोठं काहीतरी त्यांच्या पुढ्यात होतं आणि ते मी आणून ठेवलं होतं. एका मार्कासाठी. त्रेचाळीस मार्कांच्या केमिस्ट्रीसाठी.

मग मीच सांगितलं. ते नाव. मोठ्यानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं, कारण माझा आवाज मला आवरला नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

कारकुनानं मान वर न करता ते लिहून घेतलं. मागे कुणी हसलं नाही, कुणी बघितलंही नाही. प्रत्येकाला आपापल्या पोराची घाई होती. "सही करा, इथे आणि इथे." अण्णांनी दोन्हीकडे सही केली. शिक्का बसला. पावती मिळाली.

पुढचं सांगायचं तर आमचा फॉर्म मुदतीत गेला. खिडकीतल्या त्याच बाईंनी कागद चाळले, पावती बघितली आणि "आता बसतंय," एवढंच म्हणाल्या. मला वाघोलीच्या पुढे नव्यानं निघालेल्या एका कॉलेजात जागा मिळाली. गुणपडताळणीचं पत्र महिन्याभरानं आलं, 'गुणांत बदल नाही'. चार वर्षं वर्गात 'सरकारचे जावई' ऐकलं, आई म्हणाली होती तसंच, आणि शिकून ऐकलं. आज मी जिथे काम करते तिथून येरवडा हाकेच्या अंतरावर आहे, आणि माझ्या पोटापाण्याचं सगळं त्या पावतीवर उभं आहे. त्याची मला लाज वाटत नाही. ती जागा माझी होती.

पण मला आठवते ती कचेरीबाहेरची पाच मिनिटं. पावती घेऊन आम्ही गाडीपाशी आलो. अण्णांनी किल्ली लावली आणि तसेच थांबले. मला वाटलं रागावतील. किंवा निदान म्हणतील, बरं झालं तू बोललीस. मी पावती दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"आजोबांनी, मी आणि तुझ्या आईनं," अण्णा म्हणाले, "तिघांनी मिळून एवढं एकच केलं होतं गं. तो शब्द तुझ्या तोंडी कधी येऊ नये, एवढंच."

फॉर्मची खिडकी पाच वाजता बंद होणार होती, आणि अजून फॉर्मला फोटो चिकटवायचे राहिले होते. अण्णांनी रुमालानं तोंड पुसलं, गाडीला किक मारली आणि म्हणाले, "बस. पावती नीट धर."